बादली, क्षार आणि मीठ: घरासाठी सॉफ्टनर निवडण्याचं गणित

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या इमारतीत महापालिकेचं पाणी आणि बोअरचं पाणी एकाच जमिनीखालच्या टाकीत पडतं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत निभतं. एप्रिल उजाडला की बोअरचा वाटा वाढतो आणि बाथरूममधला साबण रुसतो. दोन वर्षांपूर्वी असाच वैतागून मी नळाला लावायचा एक पांढरा फिल्टर आणला, दीड हजाराचा. केस, त्वचा, नळ, शॉवर, सगळ्यांचं भलं होणार असं खोक्यावर छापलेलं होतं. पहिल्या बादलीला असा काही फेस आला की घरात माझी कॉलर ताठ. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने विचारलं, "अहो, तो फिल्टर काढून ठेवलात का?"

फिल्टर जागेवरच होता. दमला होता.

तो एका दिवसात का दमला, हे समजलं की सॉफ्टनर, म्हणजे साबणाला फेस यावा म्हणून पाणी हलकं करणारं यंत्र, निवडण्यातली निम्मी अक्कल आली असं समजा. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला "दुष्फेन" म्हणायचे. तेव्हा शब्द पाठ केला, अर्थाकडे पाहिलं नाही. ज्याला फेस धड येत नाही ते दुष्फेन, सहज येतो ते सुफेन. बोलताना आपण जड पाणी, क्षाराचं पाणी म्हणतो. यातले "क्षार" म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आंबट होतं आणि खालच्या खडकातून हे दोन्ही विरघळवून घेतं. नाशिकच्या खाली काळा बेसॉल्ट आहे आणि बोअरचं पाणी त्याच्या भेगांमधून हळूहळू वाट काढत येतं. गंगापूर किंवा मुकणे धरणातलं पाणी मुख्यतः पावसाळ्यात वाहून आलेलं, खडकाच्या सहवासात फारसं न राहिलेलं. त्यामुळे ते त्या मानाने हलकं. एकाच गल्लीतल्या दोन बोअरचं पाणी वेगळं निघतं तेही भेगांमुळेच. शेजाऱ्याच्या बोअरवरून आपल्या बोअरचा अंदाज बांधू नये.

साबणाशी कॅल्शियमची गाठ पडली की फेसाऐवजी पांढरट चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा चिकट थर तो हाच. पाणी तापवलं की दुसरी गंमत होते. बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं कॅल्शियम गरम झाल्यावर कार्बोनेट होऊन खाली बसतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलटं. म्हणून गीझरच्या कॉइलवर खपल्या चढतात आणि शेजारची गार पाण्याची पाइप बऱ्यापैकी शाबूत असते. डाळ शिजत नाही त्यामागेही कॅल्शियमच. ते डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून ठेवतं. चिमूटभर खायचा सोडा टाकणाऱ्या आजीला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण उपाय बरोबर होता.

आधी मोजा, आणि योग्य गोष्ट मोजा

आता सगळ्यात मोठा घोळ. दुकानदार खिशातून पेनासारखं टीडीएस मीटर काढतो, पाण्यात बुडवतो, ६५० आकडा दाखवतो आणि म्हणतो, साहेब, पाणी फारच हार्ड आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या गोष्टींचा अंदाज, आणि तोही पाण्यातून वीज किती वाहते यावरून काढलेला. त्यात साधं मीठही आलं. मीठ घातलेल्या पाण्याचा टीडीएस हजारावर जाईल, पण त्यात कॅल्शियम नावालाही नसेल. टीडीएस बघून सॉफ्टनर घेणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. हे आधी माहीत नसलेली माणसं मशीन बसल्यावर मीटर बुडवतात आणि फसवलं म्हणून भांडायला जातात.

दुसरा खेळ ग्लासातल्या दोन दांड्यांचा. दांड्या बुडवून वीज सोडली की तुमचं पाणी तपकिरी, गढूळ होतं आणि विक्रेत्याचं शुद्ध पाणी तसंच राहतं. ती घाण पाण्यातली नसते, लोखंडाची दांडी गंजून आलेली असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, क्षार काढलेल्या पाण्यातून जवळजवळ नाही. एवढंच.

मोजायचा तो एकूण काठिण्याचा आकडा, म्हणजे टोटल हार्डनेस. एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम, तेही सगळं कॅल्शियम कार्बोनेट धरून. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. थेंब मोजायचं किट घरी आणलं तरी चालतं. पाण्यात रंगद्रव्य टाकलं की ते वाइनसारखं लाल होतं (हा रंग नाशिककराला वेगळा सांगायला नको), मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. लाल जाऊन निळं झालं की थांबायचं. थेंबांची संख्या गुणिले किटवर दिलेला आकडा, झालं. एकदा मे महिन्यात मोजा, एकदा पावसाळा संपल्यावर. टाकीत टँकरही पडत असेल तर टँकर आल्याच्या दिवशी वेगळं मोजा.

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० : २०१२ मध्ये, २०० मिलिग्रॅमपर्यंत काठिण्य स्वीकारार्ह मानलंय आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. माझ्या अनुभवात दीडशेच्या आत असेल तर सॉफ्टनरच्या फंदात पडू नये. दीडशे ते अडीचशे ही मर्जीची गोष्ट. तीनशेच्या वर गीझर आणि वॉशिंग मशीन स्वतःच तक्रार करू लागतात. एप्रिलमध्ये आमचं आलं ४००.

रेझिन म्हणजे बसची सीट

खऱ्या सॉफ्टनरमध्ये मोहरीपेक्षा बारीक, मधाच्या रंगाचे प्लॅस्टिकचे मणी असतात. त्यांना रेझिन म्हणतात. प्रत्येक मण्यावर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सीट पकडतात आणि सोडियम उतरून पाण्यात जातं. एका कॅल्शियमला दोन सीट लागतात, म्हणजे दोन सोडियम उतरतात. सगळ्या सीट भरल्या की रेझिन संपलं. मग त्यातून मिठाचं दाट पाणी सोडायचं. सोडियमची एवढी गर्दी होते की कॅल्शियमला उठावंच लागतं, ते गटारात जातं आणि रेझिन पुन्हा ताजं होतं. यालाच रिजनरेशन म्हणतात. मीठ फक्त या धुण्यापुरतं. ते तुमच्या बादलीत ओतलं जात नाही.

या कल्पनेचं मूळ नाशिककराला ओळखीचं वाटेल. आज रेझिन कारखान्यात बनतं, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गान्स या जर्मन रसायनतज्ज्ञाने पाणी हलकं करायला वापरले ते झिओलाइट गटातल्या खनिजांसारखे पदार्थ. झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. तापवल्यावर त्यातून पाणी उसळतं म्हणून स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये हे नाव दिलं. आणि जगभरचे संग्राहक ज्या झिओलाइटच्या स्फटिकांसाठी जीव टाकतात, ते पांडवलेण्याच्या बाजूच्या खाणींमधूनही निघालेले आहेत, बेसॉल्टच्या पोकळ्यांमधून. सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या गारगोटी संग्रहालयात ते काचेमागे मांडलेत. ज्या खडकाने आपलं पाणी जड केलं, त्याच्याच पोटात पाणी हलकं करणाऱ्या दगडाचे भाऊबंद बसलेले. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

आता माझा पांढरा फिल्टर. एक लिटर रेझिन, मीठ बेताचं वापरलं तर, साधारण ५० ग्रॅम काठिण्य धरतं. फिल्टरमध्ये रेझिन होतं जेमतेम ३०० मिलिलिटर, म्हणजे १५ ग्रॅमची ताकद. ४०० मिलिग्रॅमचं पाणी म्हणजे लिटरमागे ०.४ ग्रॅम. १५ भागिले ०.४, साडेसदतीस लिटर. वीस लिटरच्या दोन बादल्याही पुऱ्या होत नाहीत. खोक्यावर "तीन महिने टिकतो" असं लिहिलं होतं. कुणाच्या घरात, ते लिहिलं नव्हतं. शॉवरला लावायच्या बऱ्याच फिल्टरमध्ये तर रेझिनही नसतं, कोळसा आणि धातूचे दाणे असतात. ते क्लोरीन कमी करतील, काठिण्याला हात लावणार नाहीत.

हाच भागाकार मोठ्या मशीनला लावायचा. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्यात अंघोळीला ५५, कपड्यांना २०, भांड्यांना १०, फरशी वगैरे १०, फ्लशला ३० आणि पिणं-स्वयंपाक मिळून १०. चौघांचं घर म्हणजे ५४० लिटर. ४०० च्या काठिण्याने रोज २१६ ग्रॅम, पाव किलोला जरा कमी. पण फ्लशचं पाणी हलकं करून काय मिळणार? अंघोळ, कपडे, भांडी एवढंच धरलं तर माणशी ८५, घराचं ३४०. काठिण्य १३६ ग्रॅम. २५ लिटर रेझिनची ताकद १,२५० ग्रॅम, म्हणजे नऊ दिवस. थोडं हातचं राखून आठव्या दिवशी रेझिनचं धुणं. एका धुण्याला तीन-साडेतीन किलो मीठ, महिन्याला बारा ते चौदा किलो. विक्रेता याच्या निम्म्या मिठात भागेल म्हणत असेल, तर त्याला हा भागाकार करून दाखवायला सांगा. "पाचशे लिटरला पुरेल" एवढं सांगून काम होत नाही. किती काठिण्याचं पाचशे लिटर, हे विचारलं पाहिजे.

दाब, जागा आणि वॉल्व्ह

आपल्याकडे सॉफ्टनर फसतो तो बहुधा रसायनापायी नाही, दाबापायी. रेझिन आपोआप धुणाऱ्या वॉल्व्हला साधारण दीड ते दोन बार दाब लागतो. दहा मीटर उंचीवरच्या टाकीने मिळतो एक बार. बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये गच्चीवरची टाकी बाथरूमच्या नळापासून तीन-चार मीटर वर, म्हणजे दाब ०.३-०.४ बार. तिथे मशीन लावलं की शॉवरची धार करंगळीएवढी होते आणि धुताना मीठ ओढलंच जात नाही. मग चार महिन्यांनी मशीन बिघडलं म्हणून बोंब. मशीन बिघडलेलं नसतं, त्याला दाबच मिळालेला नसतो.

यावर दोन वाटा. एक, सॉफ्टनरच्या आधी प्रेशर पंप. दुसरी, खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणाऱ्या मोटारीच्या लाइनवर सॉफ्टनर. ही वाट सोपी दिसते, पण मोटार तासाला दोन-तीन हजार लिटर फेकते आणि २५ लिटर रेझिनमधून तासाला हजार लिटरच्या पुढे नीट काम होत नाही. पाणी धावत जातं, सीटवर बसायला वेळच मिळत नाही. वर फ्लशचंही सगळं पाणी हलकं होतं, मीठ वाढतं. रो-हाउसवाल्यांना मी प्रेशर पंपच सुचवतो. आम्ही सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, डोक्यावर पाच मजल्यांचं पाणी. दाब आपसूक मिळाला, मशीन ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी बसलं. सातव्या मजल्यावरच्यांचं तसं जमलं नसतं.

वॉल्व्ह तीन तऱ्हांचे. हाताने फिरवायचा सगळ्यात स्वस्त आणि कमी दाबावरही निभणारा. पण आठवड्याला तासभर त्याच्यापाशी उभं राहणारा माणूस घरात हवा, आणि तो माणूस कोण हे खरेदीआधी ठरवा. टायमरवाला ठरल्या दिवशी धुतो, तुम्ही गावाला गेला असाल तरी. मीटरवाला पाणी मोजून धुतो. पैसे थोडे जास्त जातात, मीठ वाचतं. आमच्यासारख्या, काठिण्य ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या घरांना मीटरवालाच सोयीचा, कारण पावसाळ्यानंतर आकडा बदलून टाकता येतो.

बोअरच्या पाण्याने फरशीवर लालसर डाग पडत असतील तर पाण्यात लोह आहे. ते रेझिनवर बसलं की मिठाने सहज उठत नाही, म्हणून आधी लोह काढायचा फिल्टर. माती येत असेल तर सॉफ्टनरच्या आधी गाळणी हवीच. मिठाचं म्हणाल तर गोळ्यांच्या रूपात मिळतं ते उत्तम. किराणा दुकानातलं खडे मीठ चालतं, पण त्यातली माती टाकीच्या तळाला साचते, ती वर्षातून दोनदा धुवावी लागते. आणि मिठाच्या टाकीचं झाकण उघडून अधूनमधून काठीने ढोसा. वरून भरलेलं दिसतं, खाली पोकळी झालेली असते.

रेझिन धुतल्यावर निघणारं दीड-दोनशे लिटर खारट पाणी थेट ड्रेनेजला द्या. बागेत तर अजिबात नको. द्राक्षवाल्या कुणालाही विचारा, सोडियम साचलं की काळ्या जमिनीची चोपण होते, पाणी मुरेनासं होतं. कुंडीचंही तेच. सॉफ्टनरमधून आलेलं हलकं पाणीसुद्धा तुळशीला घालू नका, तिला जडच बरं.

पिणं, केस आणि बाकीच्या वावड्या

जड पाण्याने मुतखडा होतो, हे आपल्याकडे इतक्या खात्रीने सांगतात की उलट बोलायची चोरी. याला भक्कम पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्यासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. उलट त्या पाण्यातून थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम पोटात जातं. केस राठ होतात हे खरं, पण टक्कल पडण्याचं खापर पाण्यावर फोडता येणार नाही. लहान मुलांच्या एक्झिमाबद्दल इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर नीट चाचणी झाली, २०११ मध्ये तिचे निष्कर्ष आले. घरात सॉफ्टनर बसवल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. सॉफ्टनर गीझरसाठी, मशीनसाठी, नळासाठी आणि साबणासाठी घ्यावा. औषध म्हणून नाही.

पिण्यासाठी मात्र सॉफ्टनरचं पाणी टाळलेलं बरं. १०० मिलिग्रॅम काठिण्य काढलं की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. ४०० काढलं तर १८४. दिवसाला तीन लिटर प्यायलं तर साधारण साडेपाचशे मिलिग्रॅम. दिवसाची मर्यादा आहे दोन हजारांची, तीही जेवणातलं मीठ धरून. घरात रक्तदाबाचं किंवा मूत्रपिंडाचं कुणी असेल तर स्वयंपाकघराचा नळ सॉफ्टनरच्या आधीच तोडून घ्या. आरओ असेल तर वेगळी गोष्ट, तो सोडियमही बराच काढतो. पण आरओ म्हणजे सॉफ्टनर नव्हे. ग्लासभर पाण्यामागे दोन-तीन ग्लास फेकणाऱ्या यंत्राने अंघोळीचं पाणी कोण गाळणार?

पाइपला गुंडाळायची चुंबकं आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या यांच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. मी माझे पैसे त्यात घालणार नाही. "मिठाशिवायचा सॉफ्टनर" म्हणून विकतात त्यातला एक प्रकार कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक बनवून ते पाण्यातच तरंगत ठेवतो. खपल्या कमी होऊ शकतात, पण कॅल्शियम तिथेच असतं, साबणाचा फेस काही वाढत नाही. वॉशिंग मशीनच्या नळीला लावायच्या फॉस्फेटच्या डब्या मशीनपुरत्या कामाच्या आहेत.

सोसायटीचा एकत्र प्लांट करायचा तर महापालिकेच्या आणि बोअरच्या पाण्याची सरमिसळ होण्याआधी, फक्त बोअरच्या लाइनवर करा. हलकं पाणी पुन्हा हलकं करायला मीठ कशाला? पार शून्यावरही आणू नका, शंभराच्या आसपास पुरे. आमच्याकडे हा ठराव तीन बैठका रेंगाळला आणि पार्किंगच्या भांडणात बुडाला, म्हणून मी घरापुरतं बघितलं.

मशीन घ्यायच्या आधी एक फुकटचा प्रयोग करून बघा. गीझरचा थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर आणा. साठच्या पुढे खपल्या झपाट्याने चढतात. शॉवरची जाळी रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवा, सकाळी सगळी भोकं मोकळी. संडासाचं अ‍ॅसिड नळांवर घालू नका, क्रोमची चकाकी जाते ती परत येत नाही.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या रो-हाउसमधल्या काकू आल्या. त्यांना पन्नास लिटर रेझिनच्या मशीनचं कोटेशन आलं होतं, आगाऊ रक्कम द्यायची बाकी होती. म्हटलं, काकू, आधी पाणी आणा. त्या बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत घेऊन आल्या. माझ्या किटचा एक थेंब म्हणजे २० मिलिग्रॅम. पाचव्या थेंबाला पाणी निळं झालं. त्यांच्याकडे महापालिकेची लाइन थेट टाकीत पडते, बोअरची मोटार गेल्या वर्षीच जळाली आहे. गीझरमध्ये साचलेला थर जुना, बोअरच्या दिवसांतला होता. त्यांनी कोटेशन पर्समध्ये परत ठेवलं आणि विचारलं, "मग गीझर साफ करणारा कुणी आहे का ओळखीचा?"